आईबाप नसलेले एकतीस पुंजके

२ फेब्रुवारी

छापखाना बंद झाल्याला तीन महिने झाले आणि आज मी पुन्हा कामावर गेले. छप्पन्नाव्या वर्षी गळ्यात नवं ओळखपत्र. फोटोत मी नुकतंच कुणाचं तरी पाकीट मारून आल्यासारखी दिसते.

काम भाचीमुळे मिळालं. ताईची मुलगी, घरातली बिट्टी. तीन वर्षांपूर्वी इथल्या खगोल संस्थेत लागली तेव्हापासून माझ्याकडेच राहते. तिच्या प्रमुखांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. बाईंना असं माणूस हवं होतं ज्याला या विषयातलं ओ की ठो कळत नाही, पण ज्याची नजर चुकीवर अडते. मला म्हणाल्या, "आमच्या लोकांना जे दिसायला हवं तेच दिसतं. तुम्हाला जे आहे ते दिसेल."

मी म्हटलं, "तेहतीस वर्षं मुद्रितं तपासली. दुसरं काही येतच नाही."

बाहेर पडताना दारावरची पाटी वाचली: 'आत येण्यापुर्वी परवानगी घ्यावी.' पेन्सिल काढून पू दीर्घ केला. बिट्टीने कपाळावर हात मारून घेतला.

४ फेब्रुवारी

बिट्टीने जेवताना समजावलं. समजलं तसं लिहून ठेवते.

विश्वात जे दिसतं त्याच्या पाचपट न दिसणारं द्रव्य आहे. सुरुवातीला ते जवळजवळ सारखं पसरलेलं होतं. जिथे किंचित जास्त होतं तिथे आणखी ओढलं गेलं आणि पुंजके झाले. आधी लहान. लहान लहानात मिसळून मोठे झाले, मोठ्यांनी आणखी लहान गिळले. तेरा-चौदा अब्ज वर्षं हेच चाललंय. आपली आकाशगंगासुद्धा अशाच एका पुंजक्याच्या पोटात बसली आहे. संस्थेत त्यांना 'हेलो' म्हणतात. मला दर वेळी कुणीतरी फोन उचलल्यासारखं वाटतं, म्हणून मी पुंजकेच म्हणणार.

खऱ्या पुंजक्याची वाढ बघत बसायला तेवढं आयुष्य कुणाकडे आहे? म्हणून संगणकात विश्व रचायचं. अब्जावधी ठिपके, प्रत्येकाला कायमचा क्रमांक, आणि सुरुवातीपासून आजपर्यंत एकशे अठ्ठावीस टप्प्यांवर सगळ्याचं चित्र साठवायचं. या टप्प्यातला पुंजका पुढच्या टप्प्यात कुठे गेला हे जुळवणारा प्रोग्रॅम बिट्टीचा. त्यातून प्रत्येक मोठ्या पुंजक्याची वंशावळ निघते. आपल्या वंशावळीच्या अगदी उलट: पूर्वज शेकडो, वारस एक.

अशा चारशे वंशावळी मी कागदावर बघायच्या. बरोबर वाटली तर 'ठीक', नाहीतर प्रश्नचिन्ह.

९ फेब्रुवारी

साठ झाल्या. डोळे चुरचुरतात, पण जीव रमतो.

एक गोष्ट खटकते. पुंजके लहान जन्मतात आणि हळूहळू वाढतात. पण काही वंशावळींत, अगदी अलीकडच्या टप्प्यांत, एखादा मध्येच उगवतो. वर रेघ नाही, आईबाप नाहीत, आणि जन्मतःच धट्टाकट्टा, मिशा फुटलेला. दहाएक टप्प्यांनी तो मोठ्यात विलीन होतो. आतापर्यंत असे पाच. पाच प्रश्नचिन्हं केली.

१० फेब्रुवारी

बिट्टीला विचारलं. म्हणाली, "असतात असे. आकड्यांत थोडा गोंधळ असतोच. ठीक लिही." ताटातलं अर्धं टाकून उठली. गेले तीन आठवडे हेच. कुणीतरी आहे बहुतेक. तिशी उलटली, मावशीला सांगायला काय हरकत आहे?

१३ फेब्रुवारी

बाईंनी सगळ्यांना बोलावून बिट्टीचं कौतुक केलं. तिच्या हिशोबाने अलीकडच्या काही अब्ज वर्षांत मोठ्या पुंजक्यांनी गिळलेल्या लहानांतल्या धट्ट्याकट्ट्यांची संख्या आजवरच्या समजुतीच्या जवळजवळ दीडपट निघते. मोठी गोष्ट आहे म्हणे. मार्चमध्ये निबंध पाठवायचा, मे महिन्यात परिषदेत बोलायचं, आणि मध्ये एप्रिलमध्ये तिला कायम करायचं की नाही ते ठरणार. "ठरल्यातच जमा आहे," बाई म्हणाल्या. टाळ्या. बिट्टी माझ्या ओळखपत्रावरच्या फोटोसारखी हसली.

चहाच्या वेळी कोठीवाल्यांशी ओळख झाली. संगणकांच्या थंडगार खोलीत सगळा डेटा साठवून ठेवायचं काम त्यांचं, म्हणून मी ठेवलेलं नाव. त्यांनाही आवडलं. जाडा स्वेटर घालून बसतात. म्हणाले, ठिपक्यांची ती सगळी एकशे अठ्ठावीस चित्रं सत्तावीस तारखेला दुपारी बाराला पुसली जाणार. दुसऱ्या गटाला जागा हवी आहे. वंशावळी तेवढ्या राहतील.

"आणि नंतर काही तपासायचं झालं तर?"

"तर नाही तपासता येणार. तुमच्या भाचीनेच सही दिली. मुदतीच्या आधी दिली, असं कधी कुणी करत नाही."

पहिल्यापासून शिस्तीची आहे.

१७ फेब्रुवारी

प्रश्नचिन्हं तेवीस झाली. आज सगळी पानं घरी जेवणाच्या टेबलावर मांडली आणि काय खटकतंय ते कळलं.

जिथे जिथे हा बिनआईबापाचा उगवतो, तिथे त्याच्या दोन-तीन टप्पे आधी, त्याच मोठ्या पुंजक्यात, त्याच अंगाचा एक लहान पुंजका विलीन झालेला असतो. दर वेळी. छापखान्यात एका ओळीतला शब्द गळायचा आणि खालच्या ओळीत भलत्याच जागी घुसायचा. नवशिका दोन चुका मोजतो. चूक एकच असते.

बिट्टी आली तशी मी हात धरून तिला टेबलाशी आणलं. "हा बघ. हा मेलाच नाही. मोठ्याच्या पोटातून आरपार गेला असेल, मध्ये असताना तुझ्या प्रोग्रॅमला दिसला नसेल आणि पलीकडून बाहेर आल्यावर नवा म्हणून लिहिला गेला असेल. मग परत ओढला गेला, परत विलीन. एकाच माणसाचे दोन मृत्यू नोंदवलेत. ठिपक्यांचे क्रमांक जुळवून बघ ना, कळेल लगेच."

ती पानांकडे बघतच नव्हती. "मावशी, तुला वाचायला बोलावलंय, शोध लावायला नाही!"

"अगं, पण..."

"तू फक्त खुणा कर. नाहीतर तेही करू नकोस. ठीक लिही आणि मोकळी हो!"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. मग आतून कडी.

१८ फेब्रुवारी

मला यातलं काय कळतं? काल मी उगाच शहाणपणा केला.

२० फेब्रुवारी

चारशे पूर्ण. एकूण एकतीस.

आज मी खोडरबर घेतलं आणि एकतीस प्रश्नचिन्हं खोडून तिथे 'ठीक' लिहिलं. का लिहिलं ते इथे तरी खरं सांगते. ती त्या विषयात डॉक्टर झालेली, मी बारावी, हे एक कारण. दुसरं असं की घरात तीन दिवस कुणी बोलत नव्हतं आणि मला ते सोसवत नव्हतं. छापखान्यात मालक, लेखक, खुद्द मंत्र्यांचे सचिव ओरडले तरी मी खूण मागे घेतली नव्हती. संध्याकाळी तिला म्हटलं, "केलं सगळं ठीक." तिने मान हलवली. मला वाटलं होतं हसेल.

२१ फेब्रुवारी

सकाळी बिट्टीला उलटी झाली. ताईचा फोन आला तेव्हा तिने खुणेनेच 'सांगू नकोस' म्हटलं. नंतर मी जवळ बसले आणि सरळ विचारलं, "कोण आहे तो?"

आधी हसली. मग रडायलाच लागली. "कुणी नाही गं. ऑक्टोबरात नऊ दिवस थांबायला हवं होतं मी. फक्त नऊ दिवस."

नऊ दिवस थांबली नाही म्हणून निघून जाणारा माणूस काय कामाचा? तसं म्हटलंही. तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं.

२४ फेब्रुवारी

चप्पल न काढताच लिहायला बसलेय.

कोठीवाल्यांकडे चहा घेत होते. ते बिट्टीचं कौतुक करत होते. "तिचा प्रोग्रॅम आधी नऊ-नऊ दिवस यंत्र अडवून बसायचा. बाकीचे माझ्या नावाने खडे फोडायचे. ऑक्टोबरात एकदम सहा तासांवर आला! मी विचारलं, काय जादू केलीस? म्हणाली, मागे वळून बघणं बंद केलं."

मी कप खाली ठेवला. नऊ दिवस. ऑक्टोबर.

काखेत कळसा म्हणतात तो हा. मी पोरीसाठी मुलगा शोधत बसले होते.

२५ फेब्रुवारी

सकाळी ती बूट घालत होती तेव्हा विचारलं. ती बूट हातात घेऊन जमिनीवरच बसली.

"दिसेनासा झालेला पुंजका पुढच्या चार टप्प्यांत परत सापडतो का, हे बघायची एक पायरी होती. तीच वेळ खात होती. बाईंना बैठकीसाठी आकृती हवी होती. म्हटलं, तात्पुरती बंद करू. आकृती निघाली, आणि बाई खुर्चीतून उठल्या. मावशी, बाई कधीच खुर्चीतून उठत नाहीत."

"मग ती पायरी चालू करून परत बघितलंस?"

"नाही."

"का?"

"बघितलं असतं तर कळलं असतं."

मी म्हटलं, अजून दोन दिवस आहेत, बाईंना सांग. ती म्हणाली, सांगितलं तर एप्रिल गेला, आणि बाईंनी हा निकाल चार ठिकाणी बोलून दाखवलाय, त्यांची मान खाली जाईल. कदाचित फरक थोडाच असेल. कदाचित काहीच नसेल. मग म्हणाली, "परवा पुसलं की संपेल एकदाचं."

"काय संपेल?"

बूट चढवून गेली. एका पायातल्या बुटाची नाडी तशीच सुटलेली.

२६ फेब्रुवारी

बाईंच्या दारापर्यंत दोनदा गेले. पहिल्यांदा आत कुणीतरी होतं. दुसऱ्यांदा कुणी नव्हतं. बाईंनी वर बघून "काय?" विचारलं आणि मी म्हटलं, "काही नाही, पाटी बघत होते."

ताईने ही मुलगी माझ्या भरवशावर पाठवली. तिचं चुकलं म्हणून तिला मीच धरून द्यायची? आणि नाही दिली तर मी तेहतीस वर्षं काय केलं? आपलेच दात, आपलेच ओठ. सांगितलं तरी ती तुटणार, नाही सांगितलं तरी आतून तुटणारच आहे. मला दोन्ही दिसतं आणि पाय हलत नाही.

संध्याकाळी पानांचा गठ्ठा उद्या परत करायचा म्हणून टेबलावर काढून ठेवला होता. बिट्टी आली, सहज वरचं पान उचललं आणि दिव्याकडे तिरपं धरलं.

"मावशी, इथे काहीतरी खोडलंयस."

"हो. प्रश्नचिन्ह होतं. तूच म्हणालीस ना."

तिने एकेक करत चारशेही पानं बघितली. तासभर तरी लागला असेल. मी भाजी चिरत होते. शेवटी ती म्हणाली, "एकतीस." मी म्हटलं, "हो, आणि आता पानं होती तशी क्रमाने लावून ठेव, सकाळी घाई नको." तिने लावून ठेवली. जेवली नाही. मी फार बोलले नाही, उगाच पुन्हा ओरडली असती.

२७ फेब्रुवारी

आजचं सगळं लिहायलाच हवं.

उठले तर बिट्टी आधीच गेलेली. मी साडेनऊला संस्थेत पोचले, गठ्ठा बाईंच्या टेबलावर ठेवला. बाई बैठकीत होत्या. मी ठरवून आले होते की आज सांगायचंच. त्या बाहेर येईपर्यंत कोठीवाल्यांच्या हातापाया पडून पाहू, बारा वाजायला वेळ आहे, असं म्हणून खाली गेले.

खाली बिट्टी होती. कोठीवाल्यांच्या खुर्चीमागे उभी, अंगात त्यांचाच स्वेटर. पडद्यावर आकडे सरकत होते.

"किती वाजले?" तिने मला विचारलं, जसं काही मी रोजच तिथे असते.

"दहाला दहा कमी. अगं, पण बाराला ना?"

कोठीवाले मागे न बघता म्हणाले, "बाराला जागा रिकामी हवी आहे, ताई. पुसायला तीन तास लागतात. नऊला सुरू झालं."

"थांबवा ना मग!"

"थांबवतोच आहे. ही आत्ता पाच मिनिटांपूर्वी आत आली, तोवर बाहेर जिन्यातच बसून होती म्हणे. एकदम ओढून थांबवलं तर उरलेलंही बिघडेल. चालू असलेला टप्पा पुरा होऊ द्या."

पडद्यावर चाळीस होतं. चाळीस. चाळीस. बिट्टी माझा दंड इतका दाबून धरत होती की अजून वळ आहे. मग एक्केचाळीस झालं आणि कोठीवाल्यांनी कळ दाबली. आकडा तिथेच उभा राहिला. पंख्यांचा आवाज तेवढा.

"गेले किती?" बिट्टीने विचारलं.

"पहिले एक्केचाळीस. सुरुवातीपासून पुसत येतं. पुढचे सत्त्याऐंशी शाबूत आहेत."

ती खाली बसून बोटांवर काहीतरी मोजायला लागली. मला वाटलं सगळं गेलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "जाऊ दे बाळा." तर ती म्हणाली, "नाही मावशी, चालेल. बालपण गेलं फक्त. मला अलीकडचं हवंय. ऐंशीच्या पुढचं."

कोठीवाल्यांनी कागद पुढे केला. पुसणं रद्द केल्याची सही ज्याने परवानगी दिली त्यानेच करायची असते. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, 'निकाल चुकीचा असण्याची शक्यता.' कोठीवाल्यांनी वाचलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "स्वेटर राहू दे आज."

मग ती एकटीच वर बाईंकडे गेली. मला म्हणाली, तू येऊ नकोस.

२८ फेब्रुवारी

एकतीसांचे ठिपके क्रमांकांनी जुळवायला दुपार पुरली. बाई मागे हाताची घडी घालून उभ्या. बिट्टी एकेक वाचत होती. "तोच. तोच. हाही तोच." अठ्ठावीस जुने, आधीच 'विलीन' म्हणून नोंदलेले निघाले. तीनच खरे नवखे.

या चारशे वंशावळींत अलीकडे गिळलेले धट्टेकट्टे चौऱ्याऐंशी मोजले होते; त्यातले अठ्ठावीस गळून छप्पन्न राहिले आणि इथपुरती ती दीडपट कुठच्या कुठे गेली. सर्वांना माहीत असलेलंच उरलं.

बाईंनी विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. भीती होती. ऑक्टोबरपासून."

बाईंनी पडद्यावरची यादी स्वतः एकदा वरून खाली वाचली. मग म्हणाल्या, "परिषदेतून नाव मागे घे. एप्रिल विसर. मी जिथे जिथे बोलले त्या चौघांना पत्र जाईल. ते तू लिहायचं. आणि ती पायरी चालू कर. नऊ दिवस लागतील तर लागू देत." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं.

बिट्टी गेल्यावर माझ्याकडे वळल्या. "गठ्ठा बघितला मी. एकतीस ठिकाणी कागद खरवडलेला आहे."

मी म्हटलं, "हो."

"नजर चांगली आहे तुमची. पण मला नजरेइतकाच हातही हवा होता. पुढच्या वंशावळी दुसरं कुणीतरी बघेल."

बरोबरच होतं. ओळखपत्र गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं.

४ मार्च

बिट्टीने चौघांना जायचं पत्र लिहिलं आणि छापून माझ्यासमोर ठेवलं. "वाच."

मी तीनदा वाचलं. एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नाही. तसं सांगितलं.

"दुसरं काही?"

पहिल्या ओळीत होतं, 'आमच्याकडून एक चूक झाली.' मी त्या शब्दावर थांबले होते, पण काही म्हटलं नाही. मला आता खुणा करायचा हक्क नाही असं वाटत होतं. तिने माझा चेहरा बघितला, पत्र ओढून घेतलं, पेनने 'आमच्याकडून' वर आडवी रेघ मारली आणि लिहिलं, 'माझ्याकडून'. मग 'एक चूक झाली' हेही खोडलं. 'मी तपासणीची एक पायरी बंद केली, आणि ती बंद आहे हे कुणाला सांगितलं नाही.'

मी म्हटलं, "खाली माझंही एक वाक्य घाल. एकतीस ठिकाणी शंका येऊनही मी ठीक लिहिलं."

"मुळीच नाही. तू माझ्यासाठी केलंस ते."

"मग मी स्वतंत्र पत्र पाठवीन, आणि त्यात तुझ्या बाईंच्या नावाची वेलांटी चुकवीन."

महिन्याभरात पहिल्यांदा ती खरी हसली. वाक्य घातलं.

तेवढ्यात ताईचा फोन. ताईला सवय आहे, 'कशी आहेस' विचारायच्या आधी मुद्द्यावर येते. "काय गं, कायम झाली की नाही पोर? शेजाऱ्यांना सांगून बसलेय मी."

मी म्हटलं, "तिलाच विचार," आणि फोन बिट्टीपुढे धरून उठायला लागले. मायलेकींमध्ये आपण कशाला? बिट्टीने माझं मनगट धरून मला खाली बसवलं.

"आई," ती म्हणाली, "नाही झाले. होणारही नाही यंदा. चूक माझीच आहे, सगळं सांगते. नाही, मावशीला फोन देत नाही, ती इथेच आहे. तू आधी ऐक."